फॅन एडिट करावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमा आवडतो, पण मधली वीस मिनिटं काढून टाकली असती तर बरं झालं असतं, असं ज्यांना वाटतं आणि ज्यांच्या लॅपटॉपवर संकलनाचं सॉफ्टवेअर आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. हा वकिली सल्ला नाही. हातात नोटीस पडलेली असेल तर हे वाचत बसू नका, वकील गाठा.

फॅन एडिट म्हणजे नेमकं काय?

प्रदर्शित झालेला सिनेमा घ्यायचा आणि त्याच्या निर्मितीशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसानं तो आपल्या मतानं पुन्हा संकलित करायचा. कुणी रेंगाळणारे प्रसंग कापतं, कुणी डिस्कवर वेगळी दिलेली वगळलेली दृश्यं परत जागेवर बसवतं, कुणी मालिकेच्या आठ-दहा भागांचा अडीच तासांचा चित्रपट करतं. रंग बदलणं, पार्श्वसंगीत बदलणं, प्रसंगांचा क्रम फिरवणं हेही यातच येतं. ‘द हॉबिट’चे तीन भाग मिळून जवळपास आठ तास होतात. एका पुस्तकाला एवढा वेळ कशाला, म्हणून २०१५ मध्ये एका चाहत्यानं त्यांचा साधारण चार तासांचा एकच सिनेमा केला. असं करणारा तो एकटा नव्हता.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. चित्र कापता येतं. घाम फुटतो तो आवाजावर. दृश्याच्या मध्येच कात्री मारली की मागचं संगीतही तुटतं आणि कान लगेच दचकतो. ५.१ ध्वनीमध्ये, म्हणजे सहा वेगवेगळ्या चॅनेलच्या आवाजात, संवाद बहुतेक वेळा मधल्या चॅनेलवर असतात. त्यामुळे मुरलेले एडिटर तो चॅनेल वेगळा काढतात आणि बाजूच्या चॅनेलवरचं संगीत पुढे-मागे ओढून सांधा लपवतात. ‘काय, दोन कट मारले’ म्हणणाऱ्यांना ही मेहनत दिसत नाही. आणि ‘एवढी मेहनत घेतली म्हणजे माझा हक्क झाला’ म्हणणाऱ्यांना कायदा दिसत नाही.

रीलवर गाण्यावर कापलेली अर्ध्या मिनिटाची ‘एडिट’ यात धरायची का?

हल्ली ‘एडिट’ म्हटलं की बहुतेकांना तीच आठवते, पण इथे विषय पूर्ण लांबीच्या सिनेमाचा आहे. रीलमध्ये चित्रापेक्षा गाण्याच्या हक्काची अडचण जास्त येते, आणि तुकडा छोटा असल्यामुळे मूळ सिनेमाची जागा तो घेत नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हे खूळ इंटरनेटनंच आणलं ना?

नाही. १९३६ मध्ये जोसेफ कॉर्नेल या अमेरिकी कलावंतानं ‘ईस्ट ऑफ बोर्निओ’ नावाचा सामान्य सिनेमा कापून त्यातल्या नायिकेभोवती फिरणारा लघुपट केला आणि तिचंच नाव त्याला दिलं: ‘रोझ होबार्ट’. त्याच्याही आधी, १९२४ च्या सुमाराला, सोव्हिएत रशियात परदेशी सिनेमे ‘योग्य’ विचारांचे करून दाखवण्यासाठी पुन्हा कापले जात. एस्फिर शुब हे काम करायच्या, आणि फ्रिट्झ लांगच्या ‘डॉक्टर माबुझे’वर कात्री चालवताना त्यांच्या हाताखाली एक तरुण शिकत होता, सर्गेई आयझेनस्टाइन. संकलनाचा पुढचा मोठा आचार्य दुसऱ्याच्या सिनेमावर हात साफ करून तयार झाला, हे मला फार गमतीचं वाटतं.

आजच्या अर्थानं ही चळवळ सुरू झाली ती ‘द फँटम एडिट’पासून. १९९९ च्या ‘स्टार वॉर्स’ भागातली वीसेक मिनिटं एका संकलकानं कापली आणि २०००-०१ मध्ये त्याच्या व्हीएचएस टेप हातोहात फिरल्या.

थेट सांगा: हे कायदेशीर आहे का?

बहुतेक देशांत आणि बहुतेक वेळा, नाही. सिनेमाची प्रत करणं आणि ती लोकांपर्यंत पोचवणं हे हक्क मालकाचे असतात. अमेरिकेत त्यात मूळ कृतीवरून नवी कृती तयार करण्याचा हक्कही स्पष्टपणे आहे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १४ सिनेमाच्या मालकाला प्रत करण्याचा, विकण्या-भाड्यानं देण्याचा आणि जनतेपर्यंत पोचवण्याचा अधिकार देतं. पूर्ण सिनेमा कापून-जोडून तयार केलेली फाइल कुठेतरी चढवली की यातल्या निदान दोन गोष्टी झाल्याच.

पडद्यावर जाहीर खेळ लावला तर भारतात आणखी एक अडचण उभी राहते. प्रमाणपत्र मिळाल्यानंतर फेरफार केलेला सिनेमा जाहीरपणे दाखवणं हा १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. तिथे प्रश्न स्वामित्वाचा नसतो, प्रमाणपत्राचा असतो.

पण डिस्क मी पैसे मोजून घेतली आहे. ती माझी नाही का?

डिस्क तुमची आहे. तुम्ही ती विकू शकता, भेट देऊ शकता, तिच्यावर चहाचा कप ठेवू शकता. तिच्यावरचा सिनेमा मात्र तुमचा झालेला नाही.

हा युक्तिवाद न्यायालयात पुरेपूर तपासून झाला आहे. अमेरिकेत २००० नंतर ‘क्लीनफ्लिक्स’सारख्या कंपन्या शिव्या, नग्नता आणि हिंसा कापून सिनेमांच्या ‘कुटुंबासाठी’ प्रती विकत आणि भाड्यानं देत. कापलेल्या प्रत्येक प्रतीमागे एक अधिकृत डिस्क आम्ही विकत घेतोच, तेव्हा स्टुडिओचा एक पैसाही बुडत नाही, उलट विक्री वाढते, असा त्यांचा बचाव होता. ऐकायला बिनतोड वाटतो. पण जुलै २००६ मध्ये कोलोरॅडोच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश रिचर्ड मॅच यांनी तो फेटाळला. कापलेल्या आवृत्तीच्या बाजारात उतरायचं की नाही हे ठरवणं हाच मुळी मालकाचा हक्क आहे, असा त्या निकालाचा रोख होता. नुसते प्रसंग वगळल्यानं नवी कृती तयार होत नाही, हेही त्यात आलं.

फॅन एडिट करणाऱ्यांत ‘मूळ सिनेमा विकत घेतलेला असेल तरच हे एडिट बघा’ असा एक शिष्टाचार रूढ आहे. नीतीच्या दृष्टीनं तो उत्तम आहे आणि पाळावाच. पण कायद्याचं संरक्षण त्यातून मिळेल असं समजू नका. हाच शिष्टाचार काटेकोर पाळणारे लोक न्यायालयात हरले आहेत.

आणि हो, त्या खटल्याचं नाव लक्षात ठेवा: ‘क्लीन फ्लिक्स ऑफ कोलोरॅडो विरुद्ध सोडरबर्ग’. स्टीव्हन सोडरबर्ग, म्हणजे कात्रीविरुद्ध उभ्या राहिलेल्या दिग्दर्शकांपैकी एक. हे गृहस्थ पुढे पुन्हा भेटणार आहेत.

घरी, स्वतःपुरतं कापलं आणि कुणालाच दिलं नाही तर?

इथे जमीन जरा घट्ट होते. भारतीय कायद्याचं कलम ५२ खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठीचा रास्त वापर उल्लंघनात धरत नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर यात सिनेमाही येतो. त्याच दुरुस्तीनं कलम ६५अ आणलं. डिजिटल कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारं तांत्रिक संरक्षण, तोडणं त्यानं गुन्हा ठरवलं, पण हक्कांचं उल्लंघन करण्याचा हेतू असेल तर. कायद्यानं मनाई न केलेल्या कामासाठीची सूटही त्याच कलमात आहे. म्हणजे स्वतःच्या डिस्कवरून स्वतःसाठी केलेल्या एडिटच्या बाजूनं बोलायला भरपूर जागा आहे. फाइल दुसऱ्याच्या हातात गेली की ती जागा आकसते.

अमेरिकेत उलट आहे. १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइटच्या कायद्यात कुलूप तोडणं हाच स्वतंत्र अपराध आहे, पुढे त्या फाइलचं तुम्ही काय करता हा नंतरचा प्रश्न. दर तीन वर्षांनी काही सवलती जाहीर होतात, पण त्या टीका, अध्यापन वगैरेंसाठी छोटे तुकडे घेण्यापुरत्या असतात. ब्रिटननं तर २०१४ मध्ये वैयक्तिक प्रतीची मुभा दिली आणि २०१५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं ती रद्द केली. वर्ष पुरं व्हायच्या आत सुंठ गेली, खोकला राहिला.

अभिनेता टोफर ग्रेसनं २०१२ च्या सुमाराला ‘स्टार वॉर्स’च्या तीन प्रीक्वेलचा मिळून ८५ मिनिटांचा एक सिनेमा केला, निवडक मित्रमंडळींना एकदाच दाखवला आणि फाइल बाहेर जाऊ दिली नाही. संकलन शिकण्यासाठी केलं, असं तो सांगतो. गवगवा भरपूर झाला, खटला झाला नाही. त्याच्या शहाणपणातला मोठा भाग ‘बाहेर जाऊ दिली नाही’ या चार शब्दांत आहे.

‘फेअर यूज’ म्हणून एक असतं ना?

असतं. काही कारणांसाठी मालकाच्या परवानगीशिवाय केलेला रास्त वापर माफ करणारी ही अमेरिकी तरतूद, आणि तिच्याइतकं गैरसमजात सापडलेलं दुसरं काही नाही.

अमेरिकी न्यायालय चार गोष्टी पाहतं: वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती भाग घेतला, आणि मूळच्या बाजारावर काय परिणाम होतो. १९९४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं विडंबनाला मोठी मोकळीक दिली, कारण विडंबन मूळ कृतीवर काहीतरी म्हणत असतं. चित्रकार अँडी वॉरहॉलच्या कामावरून झालेल्या २०२३ च्या खटल्यात मात्र त्याच न्यायालयानं लगाम आवळला. मूळ आणि नवी कृती एकाच कामासाठी वापरली जात असेल, तर शैली बदलली एवढ्यावर भागत नाही.

आता फॅन एडिटकडे या नजरेनं बघा. हेतू काय? लोकांनी संध्याकाळी बसून सिनेमा बघावा. मूळ सिनेमाचा हेतू काय? तोच. किती भाग घेतला? जवळजवळ सगळा. इथेच बाजी हातची जाते. तोच सिनेमा कसा फसला हे सांगणारा, त्यातले वीस-वीस सेकंदांचे तुकडे दाखवून बोलणारा व्हिडिओ निबंध केलात तर पारडं बरंच तुमच्या बाजूला झुकतं. मला विचाराल तर फॅन एडिट हीसुद्धा समीक्षाच आहे, कधीकधी लेखी समीक्षेपेक्षा नेमकी: हे दृश्य नसतं तर काय झालं असतं ते ती प्रत्यक्ष दाखवते. पण न्यायालयं असं मानायला तयार होतील अशी चिन्हं नाहीत.

भारतात ‘फेअर यूज’ नाहीच, ‘फेअर डीलिंग’ आहे, आणि त्याची कारणं कायद्यात मोजून दिलेली आहेत: खासगी वापर, टीका वा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. यादीत बसलात तर बसलात.

एकाही देशाला चाहत्यांची दया येत नाही?

कॅनडाला थोडी आली. तिथे २०१२ मध्ये कायद्यात कलम २९.२१ आलं. सामान्य माणसानं व्यापारी हेतूशिवाय, उपलब्ध कृती वापरून नवी कृती केली आणि पसरवली तर ते उल्लंघन नाही; मात्र शक्य असेल तिथे मूळचा उल्लेख हवा, वापरलेली प्रत वैध हवी आणि मूळच्या बाजाराला मोठा धक्का लागता कामा नये. फॅन एडिटच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद हीच. पण कुलूप तोडायला बंदी तिथेही आहे, आणि डिस्कवर कुलूप असतंच. दार उघडं, फाटक बंद.

युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानं ऑनलाइन मंचांवर अवतरण, टीका, विडंबन, व्यंग आणि शैलीची नक्कल यांना संरक्षण द्यायला सांगितलं आहे. विनोदी फेरजुळणीला त्याचा उपयोग होतो. कंटाळवाणी वीस मिनिटं उडवणाऱ्याला फारसा नाही.

मी एक रुपयाही घेत नाही. तरी?

तरी उल्लंघन ते उल्लंघनच, पण वजन बदलतं. भारतात कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. कृत्य धंद्यातल्या फायद्यासाठी नसेल तर कारणं नोंदवून शिक्षा कमी करण्याची मुभा न्यायालयाला दिली आहे. देणग्या घेणं हेही पैसे घेणंच समजा. ‘स्टार ट्रेक’च्या एका चाहत्या-चित्रपटासाठी लोकांकडून दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम गोळा झाली, आणि वर्षानुवर्षं चाहत्यांकडे काणाडोळा करणारा स्टुडिओ डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयात गेला. तो नव्यानं चित्रित केलेला सिनेमा होता, एडिट नव्हतं, पण धडा तोच.

‘कॉपीराइट भंगाचा हेतू नाही’ असं खाली लिहिलं तर?

काही होत नाही. चित्र आरशासारखं उलटवून किंवा आवाजाचा वेग किंचित बदलून, नक्कल ओळखणाऱ्या यंत्राला चकवणारे तर स्वतःच्याच हेतूचा पुरावा तयार करत असतात.

मग स्टुडिओ सगळ्यांवर खटले का भरत नाहीत?

कारण परवडत नाही आणि शोभतही नाही. एडिट करणारा माणूस हा त्या सिनेमाचा सर्वांत वेडा गिऱ्हाईक असतो. त्याला न्यायालयात खेचल्याची बातमी एडिटपेक्षा महाग पडते. शिवाय दोनशे जणांनी पाहिलेल्या फाइलमुळे तिकीटविक्रीला काही होत नाही. ‘फँटम एडिट’च्या वेळीही ‘स्टार वॉर्स’ काढणाऱ्या ल्युकासफिल्म कंपनीची सुरुवातीची भूमिका मवाळ होती, टेप सर्रास फिरू आणि विकल्या जाऊ लागल्या तेव्हा सूर बदलला.

फॅन एडिटचं सगळं जग या काणाडोळ्यावर उभं आहे. काणाडोळा म्हणजे परवानगी नव्हे. तो कधीही, कारण न सांगता मागे घेता येतो. सोडरबर्ग यांनाच विचारा. २००६ मध्ये ज्या खटल्यात कापाकापीविरुद्ध त्यांचं नाव होतं, त्यानंतर आठ वर्षांत ते स्वतःच्या संकेतस्थळावर इतरांचे सिनेमे कापून टाकू लागले. ‘हेवन्स गेट’ची तोकडी आवृत्ती, दोन ‘सायको’ एकमेकांत गुंफून केलेला सिनेमा असं बरंच काही. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ कापला. वॉर्नर ब्रदर्स आणि मूळ दिग्दर्शक क्युब्रिक यांच्या वारसांनी सांगताच तो काढून टाकावा लागला. ऑस्कर मिळालेल्या दिग्दर्शकाची ही गत, तर तुमची-आमची काय.

त्यांना दांभिक म्हणायचा मोह होतो. मला तसं वाटत नाही. क्लीनफ्लिक्सवाले कापलेला माल त्याच दिग्दर्शकाच्या नावावर विकत होते. सोडरबर्ग यांनी आपल्या नावानं, फुकट आणि ‘हे मी केलं’ असं सांगून दाखवलं. कायद्याच्या लेखी फरक थोडा असेल. नीतीच्या लेखी तो बराच आहे.

दिग्दर्शकाच्या मनाचं काय? त्यालाही काही हक्क असेल ना?

आपली कृती विकृत होऊ नये, हा लेखक-कलावंताचा नैतिक हक्क १९२८ पासून कॉपीराइटच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात आहे. अडचण ही की सिनेमाच्या बाबतीत तो प्रत्येक देशात वेगळ्याच माणसाच्या हातात असतो.

फ्रान्स एका टोकाला. जॉन ह्यूस्टनचा १९५० चा कृष्णधवल ‘द अस्फाल्ट जंगल’ रंगवून टीव्हीवर दाखवायचा घाट घातला गेला. अमेरिकेत सगळे हक्क कंपनीकडे होते. तरी १९९१ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं दिग्दर्शकाच्या वारसांच्या आणि सहलेखकाच्या बाजूनं कौल दिला: करार कुठल्याही देशात झालेला असो, फ्रान्समध्ये कलावंताचा हक्क चालणार. अमेरिका दुसऱ्या टोकाला. १९९० च्या तिथल्या नैतिक हक्काच्या कायद्यात चित्रं-शिल्पं आहेत, सिनेमा नाहीच. तरी १९७६ मध्ये माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूनं एबीसी वाहिनीविरुद्ध न्यायालयाची मनाई मिळवली होती; दीड तासाच्या कार्यक्रमातली २४ मिनिटं कापून तो त्यांच्याच नावानं दाखवला गेला होता. न्यायालयाला खुपलं ते हेच: मोडकं काम त्यांच्या नावावर खपवणं.

भारतात कलम ५७ नैतिक हक्क देतं, पण सिनेमाचा ‘लेखक’ म्हणून कायदा निर्मात्याकडे बोट दाखवतो. दिग्दर्शक त्यात कुठेच नाही. याचा परिणाम ऑगस्ट २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिला. २०१३ च्या ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती कृत्रिम बुद्धिमत्तेनं शेवट बदलून पुन्हा प्रदर्शित झाली. मूळ सिनेमात मरणारा नायक त्यात जगतो. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष दोघांनीही जाहीर निषेध केला, पण बदल करणारी कंपनी हक्कांची मालक होती. चाहत्यानं असं केलं असतं तर ती चोरी ठरली असती.

दिग्दर्शक आणि स्टुडिओच सिनेमे बदलत बसतात. मग आम्हालाच का नावं ठेवता?

या प्रश्नात दम आहे. जॉर्ज ल्युकास यांनी १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर जाऊन जुन्या सिनेमांत फेरफार करण्याविरुद्ध कळकळीनं साक्ष दिली. १९८९ मध्ये त्यांचा १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत जतनासाठी निवडला गेला. आणि १९९७ मध्ये त्यांनीच त्यात नवी संगणकीय दृश्यं घालून ‘स्पेशल एडिशन’ आणली आणि जुनी आवृत्ती बाजूला सारली. २००६ मध्ये ती डीव्हीडीवर आली तीसुद्धा पुरवणी म्हणून, लेझरडिस्कच्या काळातल्या मास्टरवरून.

मग चाहते पुढे झाले. चेक प्रजासत्ताकातल्या एकानं वेगवेगळ्या स्रोतांतून फ्रेम-फ्रेम जुळवून नवी भर काढून टाकलेली आवृत्ती उभी केली. दुसऱ्या गटानं १९७७ च्या ३५ मिलिमीटर प्रिंट मिळवून स्कॅन केल्या. १९७७ मध्ये प्रेक्षकांनी पाहिलेला सिनेमा चांगल्या प्रतीत कित्येक वर्षं याच बेकायदेशीर मार्गानं उपलब्ध होता. मी फॅन एडिटच्या बाजूनं सर्वांत ठामपणे कुठे उभा राहीन तर इथे. ‘मला सिनेमा असा आवडला असता’ ही हौस झाली. ‘सिनेमा असा होता आणि तो तुम्ही लपवलात’ ही साक्ष आहे. मालकाला विकायचा हक्क असतो. सगळ्यांनी पाहिलेली गोष्ट घडलीच नाही असं भासवायचा हक्क मला मान्य नाही, कायद्याला मान्य असला तरी.

कुठलं एडिट तुमच्या मते वाईटच?

जे मूळ म्हणून खपवलं जातं ते. नावात, पहिल्या फ्रेममध्ये आणि वर्णनात ‘हे अनधिकृत आहे, अमुक टोपणनावाच्या माणसानं कापलं आहे’ हे नसेल तर दहा वर्षांनी ती फाइल कुणाच्या तरी हातात मूळ सिनेमा म्हणून पडते. बदलांची यादी सोबत द्या. श्रेयनामावली कापू नका. ज्यांच्या कामावर तुम्ही उभे आहात त्यांची नावं तिथे आहेत.

प्रदर्शनाच्या पहिल्या आठवड्यात फिरणारं एडिटही वाईट. त्यासाठी चित्रपटगृहातलं चोरटं चित्रण लागतं, आणि भारतात २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे.

आशयाबद्दल मात्र पंचाईत होते. २०१८ मध्ये कुणीतरी ‘द लास्ट जेडाय’मधल्या बायकांची कामगिरी शक्य तेवढी छाटून ४६ मिनिटांची आवृत्ती काढली. दिग्दर्शकासकट जगानं खिल्ली उडवली. ते एडिट मला किळसवाणं वाटतं. ते करायचा अधिकार नसावा असं मात्र म्हणवत नाही. ज्या कात्रीनं कंटाळा कापता येतो तिनंच माणसंही कापता येतात, आणि कात्री हिसकावून घेणारा बहुधा तुमच्या आवडीचा नसतो.

एआयनं नव्यानं संवाद म्हणवून घेतले तर?

तिथे मी थांबतो. कापणं म्हणजे नटानं केलेल्या कामातून निवड करणं. त्याच्या आवाजात त्यानं न उच्चारलेलं वाक्य घालणं म्हणजे त्याच्या तोंडी खोटी साक्ष घालणं. कायदाही इथे कॉपीराइटच्या पलीकडे जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अनिल कपूर यांचं नाव, आवाज आणि प्रतिमा यांचा परवानगीशिवाय वापर, एआयनं केलेला वापरसुद्धा, रोखणारा आदेश दिला. पार्श्वभूमीतला आवाज स्वच्छ करायला किंवा चित्राची स्पष्टता वाढवायला एआय वापरणं ही वेगळी गोष्ट.

जुना, हक्क संपलेला सिनेमा घेतला तर मोकळं रान?

जवळपास. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. अमेरिकेत जुन्या सिनेमांना साधारण ९५ वर्षं. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ १९६८ मध्ये कॉपीराइटची सूचना छापायची राहिल्यामुळे जन्मतःच सगळ्यांचा झाला.

पण सिनेमाच्या पोटात गाणी असतात, कथा असते, आणि त्यांची मुदत वेगळी असते. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’चा हक्क १९७४ मध्ये नूतनीकरण न झाल्यानं संपला, वाहिन्यांनी तो फुकट दाखवून लोकप्रिय केला. मग १९९३ मध्ये एका कंपनीनं मूळ कथा आणि संगीताच्या हक्कांच्या आधारे सिनेमा पुन्हा ताब्यात घेतला. भारतीय सिनेमात तर गाण्यांचं प्रमाण पाहता हा धोका मोठाच; गीतकार-संगीतकाराचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात.

एडिट न वाटता फक्त कटची यादी वाटली तर?

ही मला सर्वांत हुशार वाट वाटते. कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत वगळायचं, एवढंच सांगणारी मजकुराची फाइल द्यायची. ज्याच्याकडे सिनेमा आहे तो आपल्या प्लेयरवर ती लावेल. यात सिनेमाची एकही फ्रेम तुमच्याकडून जात नाही. अमेरिकेनं २००५ मध्ये अशा प्रकाराला कायद्यानंच मान्यता दिली: घरात, अधिकृत प्रतीवरून, चालू असताना भाग वगळावा, आणि बदललेली कायमची प्रत तयार होऊ नये. या अटी हलक्यात घेऊ नका. ‘व्हिडअँजल’ कंपनीनं डिस्कचं कुलूप तोडून गाळलेले सिनेमे स्ट्रीम केले आणि या कायद्याचा आधार मागितला. तो मिळाला नाही. २०१९ मध्ये ज्युरीनं ६.२४ कोटी डॉलर भरपाई लावली, जी पुढे तडजोडीत बरीच खाली आली.

यादीनं रंग बदलता येत नाहीत, संगीताचे सांधे लपवता येत नाहीत. नुसती छाटणी असेल तर मात्र हीच पद्धत वापरा.

यूट्यूबवर टाकलं आणि दावा आला. आता?

आधी बघा आलंय काय. कंटेंट आयडी या यूट्यूबच्या ओळख-यंत्रणेचा दावा यंत्र लावतं. बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ अडतो, चॅनेलला डाग लागत नाही. काढून टाकण्याची औपचारिक मागणी मान्य झाली तर स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर उल्लंघनाची नोंद, लागतो, आणि तीन स्ट्राइकमध्ये चॅनेल जाऊ शकतं. प्रतिवाद दाखल करता येतो, पण त्यात खरं नाव-पत्ता देऊन न्यायालयाला सामोरं जायची तयारी लिहून द्यावी लागते. समीक्षेच्या व्हिडिओसाठी हे जरूर करावं. पूर्ण सिनेमाच्या एडिटसाठी मालकाच्या हातात स्वतःचा पत्ता देणं मला शहाणपणाचं वाटत नाही. काढून टाका.

मला संकलक व्हायचंय. कामाचा नमुना म्हणून फॅन एडिट दाखवू का?

समोरासमोर, दोन-तीन मिनिटांचे आधीचे आणि नंतरचे तुकडे दाखवा; निवड कशी केली ते बोला. पूर्ण फाइल पाठवू नका. हक्कांबाबत काटेकोर असलेल्या निर्मात्याला ती पाहून कौतुकाआधी धास्ती वाटेल.

निव्वळ सरावासाठी हवं असेल तर ब्लेंडर फाउंडेशनचे ‘सिंटेल’ आणि ‘टिअर्स ऑफ स्टील’ घ्या. श्रेय दिलं की कापायला, बदलायला आणि वाटायलाही मोकळे आहेत, आणि ‘टिअर्स ऑफ स्टील’चं कॅमेऱ्यातून आलेलं कच्चं फुटेजसुद्धा त्यांनी खुलं ठेवलं आहे. सिनेमा फार थोर नाही. सरावाला तेच बरं, सुधारायला जागा भरपूर आहे.